‘घरी करून घ्या’च्या पलीकडे

पाय लांब सोडून बसायचं, दोन पायांमधल्या खोलगट जागेत लेकराला उताणं निजवायचं, एका हातानं त्याचे हात धरायचे आणि दुसऱ्या हातातल्या बोंडल्यानं पातळ खिमट तोंडात सोडायचं. महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्या अशाच पोसल्या गेल्या. धडधाकट बाळ यातून निभावून जातं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र हीच रीत जिवावर बेतू शकते. डोकं मागे कललेलं, हनुवटी वर आणि गिळण्याचे स्नायू मुलाच्या ताब्यात नाहीत. अशा वेळी घासातला काही अंश श्वासनलिकेत उतरतो. ठसका लागला तर निदान कळतं तरी. पुष्कळदा तोही लागत नाही. मग दर थोड्या दिवसांनी कफ होतो, ताप येतो, दवाखान्यात भरती करावं लागतं आणि घरात एकच वाक्य फिरत राहतं, ‘याची छाती सारखी भरते’.

उपाय महागडा नाही. भिंतीला टेकून बसावं, गुडघे उभे करावेत, मुलाला मांड्यांवर आपल्याकडे तोंड करून, तिरकं टेकवून बसवावं. त्याचे पाय आईच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना येतात, कंबर आपोआप दुमडते आणि अंगाचा ताठरपणा थोडा उतरतो. डोकं किंचित पुढे झुकलेलं आणि हनुवटी छातीकडे राहिली पाहिजे. खिमट थोडं घट्ट करावं. चमचा वरून न आणता समोरून, मुलाला दिसेल असा आणावा, जिभेवर हलकेच टेकवावा आणि ओठ मिटायची वाट पाहावी. घोट गिळून झाल्याशिवाय पुढचा घास द्यायचा नाही.

हे सांगायला दोन मिनिटं पुरतात. घरात रुजायला किती काळ लागेल, ते सांगणारा कसं सांगतो यावर ठरतं. एक थेरपिस्ट ‘असं भरवू नका, धोका असतो’ म्हणून कागद हातात देतो. दुसरी आधी विचारते: जेवायला किती वेळ लागतो? कोण भरवतं, तुम्ही की आजी? किती वाजता? त्या वेळी धाकटं कुठे असतं? मग ती आईलाच तिथे भरवायला सांगते, शेजारी बसते, मुलाच्या मानेमागे आईचा हात कुठे असावा ते स्वतःचा हात ठेवून दाखवते आणि पुढच्या खेपेला आजीलाही घेऊन या म्हणते. माहिती दोघांनी एकच दिली. पण पहिल्या आईला सूचना मिळाली आणि दुसरीला सोबत. सेरेब्रल पाल्सीच्या उपचारात पालकांचा सहभाग म्हणजे काय, हा सगळा प्रश्न या फरकात आहे.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे पालकांच्या आणि डॉक्टरांच्या रोजच्या बोलण्यातली ‘सीपी’, हा मेंदूच्या वाढीच्या काळात झालेल्या इजेचा परिणाम असतो. ही इजा गर्भात, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात होऊ शकते. दिवस पूर्ण न भरता झालेला जन्म, जन्मताना प्राणवायू कमी पडणं, मेंदूपर्यंत पोचलेली तीव्र कावीळ आणि मेंदूचा संसर्ग ही आपल्याकडे नेहमी दिसणारी कारणं. ओपीडीत आया हेच त्यांच्या शब्दांत सांगतात: ‘जन्मल्यावर रडलं नाही’, ‘पेटीत ठेवलं होतं’, ‘अजून मान धरत नाही’. मेंदूतली इजा पुढे वाढत नाही, पण मूल वाढतं तसे स्नायू आखडतात, सांधे जागा सोडतात, पाठीचा कणा वाकतो. म्हणूनच उपचारांचं काम दोन-चार महिन्यांत संपणारं नसतं. भारतात हजार मुलांमागे साधारण तीन मुलांना सीपी असते, असं उपलब्ध पाहण्या एकत्र करून काढलेला अंदाज सांगतो. एखादं मूल थोडं लंगडत का होईना, धावतं. एखाद्याला कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागतो.

लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम जॉन लिटल यांनी 1860 च्या दशकाच्या सुरुवातीला अवघड बाळंतपण आणि मुलांमधला हा ताठरपणा यांचा संबंध मांडला, तेव्हापासून दीर्घ काळ हा विषय डॉक्टरांचा राहिला. उपचार करणारे हात तज्ज्ञांचे, आणि आईनं मुलाला आणायचं, बाहेर बसायचं, परत न्यायचं. विसाव्या शतकाच्या मध्याला बर्लिनहून लंडनला आलेल्या बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्यानं स्नायूंचा ताण हाताळण्याची पद्धत विकसित केली. ती जगभर पसरली, भारतातही मुरली. त्याच परंपरेतल्या नॅन्सी फिनी यांनी 1968 मध्ये खास पालकांसाठी पुस्तक लिहिलं. मुलाला कसं उचलावं, अंघोळ कशी घालावी, कपडे कसे चढवावेत, कडेवर कसं घ्यावं, हे सगळं त्यात चित्रांसह होतं. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढणाऱ्या मुलाला कडेवर पाय फाकवून घेतलं की मांड्यांचे आखडणारे स्नायू आपोआप ताणले जातात. आपल्याकडच्या बायका मुलांना जशा कडेवर घेतात, नेमकं तसंच. थेरपीच्या टेबलावर ज्यासाठी झटापट करावी लागते, ते पाणी भरताना, दुकानात जाताना, शेजारणीशी बोलताना होऊन जातं.

तरीही आपल्या बहुतेक सेंटरमध्ये पालकांच्या वाट्याला येतं ते तीन शब्दांचं वाक्य: ‘घरी करून घ्या.’ आठवड्यातून दोनदा पाऊण-पाऊण तासाचं सेशन, शेवटच्या पाच मिनिटांत सहा-सात व्यायामांची उजळणी, आणि पुढच्या खेपेला ‘केलं का?’ हा प्रश्न. गावाहून एसटीनं आलेल्या बाईचा त्यात पूर्ण दिवस जातो, रोज बुडतो. घरी गेल्यावर स्वयंपाक, पाणी, दुसरी मुलं आणि सासूबाईंचं औषधपाणी तिची वाट पाहत असतं. व्यायाम करायला घेतले की मूल रडतं. ते रडतं म्हणून सासरे रागावतात. चौथ्या दिवशी कागद फडताळात जातो आणि पुढच्या भेटीत ती खोटं बोलते किंवा भेट चुकवते. सेंटरच्या कागदावर तिची नोंद ‘सहकार्य न करणारे पालक’ अशी होते. ही नोंद अन्यायाची आहे. त्या घराचा दिवस कसा जातो हे विचारल्याशिवाय ठरवलेला कार्यक्रम फसला, तर चूक ठरवणाऱ्याची असते.

घरी केलेल्या कामाचा उपयोग होतो का? होतो, त्याला चांगला पुरावा आहे. ऑस्ट्रेलियातल्या आयोना नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास 2009 मध्ये ‘पेडिअॅट्रिक्स’ या नियतकालिकात आला. सीपी असलेल्या 36 शाळकरी मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले: एका गटाला आठ आठवड्यांचा घरगुती कार्यक्रम, दुसऱ्याला चार आठवड्यांचा, तिसऱ्याला काहीच नाही. आठ आठवडे काम केलेल्या मुलांची रोजच्या कामांतली प्रगती कार्यक्रम न मिळालेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे जास्त होती. त्या पालकांनी प्रत्यक्षात किती वेळ दिला? महिन्यातून सरासरी 17-18 वेळा, आणि दर वेळी साधारण 16-17 मिनिटं. दिवसाला तीन तास व्यायाम करवून घेता येत नाही म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या प्रत्येक आईपर्यंत हा आकडा पोचायला हवा.

पण हा नुसता मिनिटांचा हिशेब नाही. त्या कार्यक्रमाची घडण पाहिली पाहिजे. पहिली पायरी होती पालकांशी भागीदारी जुळवण्याची. दुसऱ्या पायरीत काय साधायचं ते कुटुंबानं आणि मुलानं ठरवलं. तज्ज्ञांनी त्यानंतर त्या उद्दिष्टाला साजेशा, पुराव्यावर टिकणाऱ्या पद्धती निवडल्या. मग घरी काम सुरू असताना फोन, भेटी, दुरुस्त्या होत राहिल्या आणि शेवटी सगळ्यांनी मिळून काय साधलं ते पाहिलं. आपल्याकडचं ‘घरी करून घ्या’ थेट मधल्या पायरीवर उडी मारतं. आधीच्या दोन आणि नंतरच्या दोन पायऱ्या गायब असतात.

उद्दिष्ट कुणी ठरवायचं, हा यातला कळीचा मुद्दा. थेरपिस्टच्या फाइलीत लिहिलेलं असतं, ‘मांडीच्या मागच्या स्नायूंची लांबी वाढवणे’. आईला विचारलं तर ती म्हणेल, ‘मोरीत अंघोळ घालताना धड बसत नाही, निसटतो, माझी कंबर जाते.’ दोन्ही वाक्यं एकाच मुलाबद्दलची आहेत. दुसऱ्यापासून सुरुवात केली तर मोरीत प्लॅस्टिकची खुर्ची कापून, पट्टा लावून बसण्याची सोय करता येते. त्या खुर्चीत मूल रोज बसतं, हात मोकळे होतात, मग ते स्वतःच्या पोटाला साबण लावू लागतं. स्नायूंचं काम त्यात होतंच, शिवाय आईची कंबर वाचते. कॅनडात तयार झालेलं एक मोजमाप याच धर्तीवर चालतं. पालक रोजच्या अडचणी सांगतात, त्यांपैकी महत्त्वाच्या निवडतात आणि आज हे किती जमतं, त्यावर आपण किती समाधानी आहोत, याला एक ते दहा गुण देतात. काही महिन्यांनी पुन्हा गुण द्यायचे. पालकाचं मत इथे उपचाराचं माप बनतं.

कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात, मॅकमास्टर विद्यापीठातल्या ‘कॅनचाइल्ड’ या संशोधन केंद्रानं या विचाराला सर्वांत भक्कम पाया दिला. मुलाची हालचाल-क्षमता पाच स्तरांत सांगणारं वर्गीकरण 1997 मध्ये तिथूनच आलं. आज भारतातल्या फाइलींवरही ‘लेव्हल तीन’, ‘लेव्हल पाच’ असं लिहिलेलं दिसतं ते त्यामुळेच. पालकांनाही ही भाषा वापरता येते, कारण ती सोप्या वर्णनांवर उभी आहे: मूल आधाराशिवाय चालतं का, काठी-वॉकर लागतो का, खुर्चीत बसवावं लागतं का. ‘चालेल का हो?’ हा प्रत्येक आईबापाचा पहिला प्रश्न असतो. त्याला ‘बघू’, ‘प्रयत्न करत राहा’ अशी उत्तरं वर्षानुवर्षं मिळतात, आणि त्या ‘बघू’पायी घरं विकली गेली आहेत. स्तर कळला की अंदाज बराच खरा देता येतो. तो कठोर असला तरी पालकांचा हक्क आहे.

याच चमूच्या मेरी लॉ आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग तर थेरपीच्या पेशालाच विचार करायला लावणारा होता. सीपी असलेली 128 लहान मुलं घेतली. एका गटात नेहमीसारखी मुलाच्या शरीरावर काम करणारी थेरपी: स्नायू, ताकद, सराव. दुसऱ्या गटात मुलाला न बदलता भोवतालची परिस्थिती बदलायची. वस्तूची उंची बदला, दप्तराचा पट्टा बदला, काम करण्याची पद्धत बदला, आणि मूल ज्या तऱ्हेनं करू पाहतं त्या तऱ्हेनं करू द्या. सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच सुधारले. म्हणजे ज्या गोष्टी घरात, अंगणात, वर्गात आई-बाप-शिक्षक करू शकतात त्यांचं वजन तज्ज्ञांच्या हातांइतकंच भरलं.

इथे एक धोका आहे आणि तो लपवता कामा नये. पालकांचा सहभाग या नावाखाली पालकांना राबवून घेतल्याचा मोठा इतिहास आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या ग्लेन डोमन यांच्या संस्थेनं 1960 च्या दशकात ‘पॅटर्निंग’ लोकप्रिय केलं. मुलाला पालथं झोपवायचं, अनेक माणसांनी मिळून डोकं आणि हातपाय ठरलेल्या लयीत हलवायचे, दिवसातून अनेकदा, आठवड्याचे सगळे दिवस. शेजारीपाजारी स्वयंसेवक म्हणून बोलवायचे. भावंडं, नोकऱ्या, संसार सगळं त्या वेळापत्रकाभोवती फिरायचं, आणि मूल सुधारलं नाही तर आपलंच कुठेतरी कमी पडलं असं आईबापांना वाटत राहायचं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 1968, 1982 आणि 1999 अशी तीनदा या पद्धतीवर टीका केली. तिच्या उपयोगाचा पुरावा नाही आणि कुटुंबावर पडणारा भार प्रचंड आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पालक भागीदार असतील तर त्यांना ‘हे आम्हाला झेपणार नाही’ म्हणण्याचा अधिकार हवा. तो नसेल तर ती बिनपगारी नोकरी होते, आणि ती बहुतेक वेळा आईच्याच वाट्याला येते.

आईच्या प्रकृतीबद्दलही अभ्यास आहेत. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात सीपी असलेल्या मुलांची काळजी घेणाऱ्या 468 जणांचा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. काळजी घेणाऱ्याची तब्येत ठरवण्यात मुलाची वागणूक, रोजच्या कामाचा भार आणि घरातले नातेसंबंध या गोष्टी ठळक दिसल्या. आपल्याकडे यात आणखी भर पडते: नवरा बोलत नाही, माहेरचे दुसरं मूल होऊ दे म्हणतात, सासरचे नवस बोलतात. बारा वर्षांच्या मुलाला दिवसातून कितीदा तरी उचलणाऱ्या बाईची पाठ कुणी तपासत नाही. तिला झोप लागते का, हेही कुणी विचारत नाही. सीपीच्या फाइलीत आईच्या तब्येतीचं एक पान असायला हवं, ही मागणी अवाजवी नाही.

आणि वडील? त्यांना सेंटरवर येण्याची वेळच दिली जात नाही. सकाळी दहा ते चार या वेळात रोजंदारीवरचा माणूस कसा येणार? तो येत नाही म्हणून त्याला काळजी नाही असा निष्कर्ष निघतो. रविवारी पालकांची बैठक घ्या, खुर्ची बनवायचं, रॅम्प घालायचं, सायकलला सीट बसवायचं काम त्याच्या हाती द्या; ज्या संस्थांनी हे केलं तिथे बाप आले.

सीपीच्या क्षेत्रात मुळात पालकांनी उभारल्या नाहीत अशा संस्था शोधायला बसलं तर वेळ लागेल. ब्रिटनमध्ये 1952 साली तीन पालक आणि एक समाजसेविका यांनी नॅशनल स्पास्टिक्स सोसायटी सुरू केली. आजची ‘स्कोप’ ती हीच. भारतात हा इतिहास मुंबईत घडला. 1966 मध्ये कोलकात्यात जन्मलेल्या मालिनी चिब यांना सीपी होती. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी विशेष शिक्षणाचं प्रशिक्षण घेतलं आणि 1972 मध्ये कुलाब्याला तीन मुलांसह केंद्र उघडलं. त्यातून स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली. तिचंच आजचं नाव ‘अॅडाप्ट’. शिक्षण आणि थेरपी एकाच छताखाली देण्याची ही देशातली सुरुवात होती. अभिनेत्री नर्गिस यांनी या कामाला पाठबळ दिलं. दोन वर्षांनी कोलकात्यात सुधा कौल यांच्या पुढाकारानं पूर्व भारतासाठी संस्था निघाली. आज ती इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सेरेब्रल पाल्सी म्हणून ओळखली जाते. चेन्नईत 1985 मध्ये ‘विद्यासागर’ सुरू करणाऱ्या पूनम नटराजन यांच्या मुलालाही तीव्र स्वरूपाची सीपी होती. पुढे त्या केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या अध्यक्ष झाल्या. यांतल्या अनेकांकडे पालक म्हणून आलेलं ज्ञान होतं, आणि त्यांनी ते तज्ज्ञांच्या टेबलावर मांडलं.

महानगराबाहेरच्या घरांचं काय? कारण थेरपिस्ट शहरात आणि मुलं गावात, हे आपल्याकडचं वास्तव आहे. यावर दक्षिण आशियात बराच विचार झाला आहे. ढाक्यात ब्रिटिश आणि बांगलादेशी संशोधकांनी दीड ते पाच वर्षांच्या 85 मुलांवर केलेला प्रयोग 2000 मध्ये प्रसिद्ध झाला. शहरात काही आयांना मुलासह सेंटरवरच्या गटात नियमित बोलावलं, तर काही कुटुंबांना चित्रांच्या पुस्तिका देऊन ठरावीक काळानं भेट असं दूरस्थ प्रशिक्षण दिलं. खेड्यांत हे दूरस्थ प्रशिक्षण आणि साधा आरोग्यसल्ला यांची तुलना केली. सेंटरवर सतत येणं अनेक कुटुंबांना जमलं नाही. अधूनमधून भेट आणि मधल्या काळात पुस्तिकेच्या आधारानं घरचं काम, हा मार्ग गरीब घरांच्याही आवाक्यातला ठरला.

पश्चिम बंगालमध्ये कोलकात्याच्याच संस्थेनं ऑस्ट्रेलियन संशोधकांबरोबर ‘लीप-सीपी’ नावाचं काम हाती घेतलं. त्यात सीपीचा धोका असलेल्या तान्ह्या बाळांच्या घरी प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्या आठवड्यातून एकदा, अशा 30 वेळा जातात. पदवीधर थेरपिस्टची वाट न पाहता, बाईनं बाईला, तिच्याच बोलीत, तिच्याच ओसरीवर खेळातून हालचाल कशी करवून घ्यायची ते शिकवायचं, अशी ही आखणी आहे. तमिळनाडूतल्या आयिकुडी गावात एस. रामकृष्णन यांनी 1981 मध्ये स्थापलेल्या अमर सेवा संगमनंही हाच रस्ता धरला. 1975 मध्ये नौदलाच्या निवड चाचणीत झालेल्या अपघातानं रामकृष्णन यांचं मानेखालचं शरीर लुळं पडलं होतं. तिथल्या गावोगावच्या कार्यकर्त्या टॅबलेट घेऊन घरी जातात, मुलाची प्रगती आणि कुटुंबाची उद्दिष्टं नोंदवतात आणि तज्ज्ञ दूर बसून त्या नोंदी पाहून मार्गदर्शन करतात.

आफ्रिकेत जन्मलेल्या एका पद्धतीचा विशेष उल्लेख करायला हवा. दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्टर्न केपमधल्या सीपी संघटनेनं तयार केलेल्या ‘हाम्बिसेला’ या प्रशिक्षण साहित्याच्या आधारावर, लंडनच्या स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिननं पालकगटांसाठी एक पुस्तिका घडवली आणि ती बांगलादेशात वापरून पाहिली. महिन्यातून एकदा आठ-दहा कुटुंबं एकत्र बसतात. उचलणं, बसवणं, भरवणं, बोलणं, खेळणं असे एकेक विषय चालतात आणि शेवटी आपला गट आपण कसा चालवायचा हेही शिकतात. गटाचं नेतृत्व करणाऱ्यांत अनुभवी पालक असतातच. घानातल्या आठ ठिकाणी याचा अभ्यास झाला. पालकांचं आयुष्य सुकर झाल्याचं आणि त्यांचा आत्मविश्वास वाढल्याचं त्यात दिसलं. आपल्या मुलासारखी आणखी मुलं आहेत, हे पहिल्यांदाच पाहणाऱ्या आईला तिथे जे मिळतं ते कुठल्याही सेशनमध्ये मिळत नाही.

महाराष्ट्राला हे परकं नाही. मुलांमधले जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातली दिरंगाई लवकर ओळखणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरमधून देशभरासाठी सुरू झाला. त्याखाली जिल्ह्याजिल्ह्यात शीघ्र हस्तक्षेप केंद्रं, म्हणजे ‘डीईआयसी’, ठरली. मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी 2001 मध्ये सुरू केलेलं ‘उम्मीद’ बालविकास केंद्र कुटुंबाला मध्यभागी ठेवूनच काम करतं आणि इतरांना शिकवतं. आशा ताई, अंगणवाडी सेविका, नवजात अतिदक्षता कक्षातून घरी पाठवलेल्या बाळांच्या याद्या, हे सगळं आपल्याकडे आहे. त्यांना जोडणारा धागा विणायचा राहिला आहे. पेटीतून घरी गेलेलं बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की त्याच्या हालचाली तपासून सहा महिन्यांच्या आत धोका ओळखता येतो. तरी कित्येक मुलं दोन वर्षांची होईपर्यंत ‘उशिरा चालेल, याचे वडीलही उशिरा चालले’ या वाक्यावर घरीच असतात.

पालकांना माहिती असणं म्हणजे नुसते व्यायाम येणं नाही. तीव्र सीपीत खुब्याचे सांधे हळूहळू निखळतात. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया प्रांतातल्या 323 मुलांच्या पाहणीत सुमारे 35 टक्के मुलांचे खुबे सरकलेले आढळले. लेव्हल पाचच्या मुलांत हे प्रमाण 90 टक्के होतं. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून कळत नाही. स्वीडनच्या दक्षिण भागानं 1994 पासून ठरावीक काळानं एक्स-रे काढायची शिस्त लावली आणि खुबे निखळणं जवळपास थांबवलं. ‘याचा खुब्याचा एक्स-रे कधी काढायचा?’ हा प्रश्न आईला विचारता आला पाहिजे.

तसंच बाजाराचं. सीपीच्या 64 उपचारपद्धतींचा पुरावा तपासून 2013 मध्ये नोव्हाक यांच्या चमूनं त्यांना सिग्नलचे रंग दिले. ठरवलेल्या कामाचा थेट सराव आणि घरगुती कार्यक्रम हिरव्यात आले. दाबाखालचा प्राणवायू देणारी हायपरबॅरिक थेरपी लाल रंगात गेली. स्टेम सेलच्या जाहिराती आपल्या शहरांत झळकतात, पालक कर्ज काढतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांपलीकडे स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. नोंदणी केलेल्या चाचणीबाहेर तो देणं गैर आहे. हे सांगायची जबाबदारी मुलाच्या थेरपिस्टची आहे, कारण पालक सर्वांत आधी तिलाच विचारतात. दिव्यांग हक्क कायदा 2016 मधल्या 21 प्रकारांत सीपी आहे, नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो आणि थेरपीही त्यात येते, मूल अठरा वर्षांचं झाल्यावर कायदेशीर पालकत्वासाठी स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो, हेही थेरपीच्याच खोलीत बोललं गेलं पाहिजे.

मूल मोठं होतं तसा या भागीदारीत तिसरा माणूस येतो, तो स्वतः. पाच वर्षांचं असताना आईनं ठरवलेलं उद्दिष्ट तेराव्या वर्षी त्याला नको असतं. वॉकर घेऊन घामाघूम होत वर्गात पोचण्यापेक्षा व्हीलचेअरवरून मित्रांबरोबर वेळेत पोचणं त्याला हवं असतं. आईबापांना मात्र खुर्ची घेणं म्हणजे हार मानल्यासारखं वाटतं. हा ताण प्रत्येक घरात येतो आणि तिथे थेरपिस्टनं मुलाची बाजू ऐकली नाही तर इतक्या वर्षांची भागीदारी दोघांपुरतीच राहते. एका बोटानं टंकलेखन करणाऱ्या मालिनी चिब सेंट झेवियर्स कॉलेजातून पदवीधर झाल्या, लंडनमध्ये त्यांनी दोन एमए केल्या आणि मुंबईतल्या पुस्तकाच्या दुकानात कार्यक्रमांच्या व्यवस्थापक म्हणून नोकरी केली. 2011 मध्ये आलेल्या ‘वन लिटल फिंगर’ या आत्मकथनात त्या परदेशातल्या विजेवर चालणाऱ्या खुर्चीबद्दल लिहितात: कुणी ढकलायची वाट न पाहता एकटीनं बाहेर पडता येणं, त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच.